मॉडेलात नसलेला जावई

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, यांच्याइतका धक्कादायक सज्जन उभ्या मराठवाड्यात दुसरा नसेल. दुर्जनांचा धक्का बसत नाही. त्यांच्याकडून आपण काहीही धरूनच चालतो. पण दाजी म्हणजे सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेले, नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात जन्मभर विजेचा विषय शिकवून निवृत्त झालेले, रस्त्याच्या कडेकडेने चालणारे गृहस्थ. असा माणूस तोंड उघडतो आणि समोरच्याच्या हातातली बशी खाली पडते. लातूरला माझं भांड्यांचं दुकान आहे, भांडी पडण्याच्या आवाजाची मला सवय आहे. तरी दाजी बोलायला लागले की मी आजही खुर्चीचा हात घट्ट धरून बसतो.

पहिला धक्का मला लग्नाआधीच बसला. मुलाचं घर बघायला म्हणून सासरच्यांनी थोरल्या जावयाला, म्हणजे दाजींना, आमच्याकडे पाठवलं होतं. दुकानाची जागा स्वतःची आहे का, मुलाला काही नाद आहे का, असलं त्यांनी काही विचारलंच नाही. पोहे खाताना ते बराच वेळ न्हाणीघराच्या दिशेने बघत राहिले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "बंबात काय जाळता? तुराट्या की पऱ्हाट्या?" वडील म्हणाले, "घावंल ते." "रोज किती लागतं?" "पाणी तापंस्तोर." दाजींनी मान डोलावली, उरलेले पोहे संपवले आणि परत जाऊन सांगितलं की स्थळ चांगलं आहे, माणसं उगाच फुगवून सांगत नाहीत. माझं लग्न तुराट्यांवर जमलं आहे, हे मी आजवर चारचौघांत बोललेलो नाही.

आकड्याशिवाय बोलणं म्हणजे दाजींच्या दृष्टीने खोटं बोलणं. कसे आहात म्हणून विचारावं तर उत्तर येतं, "कालच्यापेक्षा चार टक्क्यांनी बरा." आमटी कशी झाली असं आक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, एकदाच विचारलं. दाजींनी डोळे मिटून घोट घेतला आणि "दहापैकी साडेसहा" असं सांगितलं. वर, मागच्या गुरुवारची सात होती, हेही सांगितलं. आक्का त्या दिवसापासून वाढतात आणि सरळ आत निघून जातात. मुलीच्या, वैशालीच्या, पाठवणीच्या वेळी मांडवात सगळे रडत असताना दाजींचे डोळे मात्र कोरडे. मी जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला तर हळूच म्हणाले, "या घरातला गिझरचा वापर आता निम्म्यावर येईल." मला वाटलं, काय दगड माणूस आहे! मग बघितलं तर त्यांची हनुवटी थरथरत होती.

निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात. दाजी मॉडेलाला लागले. हे मॉडेल म्हणजे काय, ते त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की मी आता गिऱ्हाइकांनाही समजावून सांगू शकतो. लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत जे काही जळतं, तापतं, फिरतं आणि उजळतं, ते सगळं कॉम्प्युटरात मांडायचं. वीज कुठून येते, डिझेल कुठे जातं, चुलीत काय, साखर कारखान्याच्या बॉयलरात काय, सगळं. मग त्या कॉम्प्युटरला विचारायचं, की बाबा रे, कोळसा हळूहळू बंद करत नेला, सूर्याची आणि वाऱ्याची वीज घेतली, तर कोणत्या साली कुठे दिवे जातील? आणि शेवटी आपण हवेत जेवढा धूर सोडू तेवढाच झाडामातीत परत जिरावा, बाकी शून्य, असा दिवस कधी येईल? तो दिवस दोन हजार सत्तरच्या आसपास ठरलाय म्हणे. दाजींचं वय सत्तरच्या पुढे. मी एकदा म्हणालो, "दाजी, तोवर आपण दोघंही धूर होऊन गेलेले असू." तर ते लगेच वही काढून विचारायला लागले, "लाकडाचं सरण की विजेचं?" मी दुकानाचं शटर खाली ओढलं.

या मॉडेलापायी त्यांनी जे उद्योग केले ते आठवले तरी घाम फुटतो. देवणीच्या जनावरांच्या बाजारात ते एका तगड्या बैलासमोर उभे राहिले. मालकाला वाटलं मोठं गिऱ्हाईक आलं. त्याने बैलाचे दात दाखवले, वशिंड दाखवलं, चालवून दाखवला. दाजी म्हणाले, "ते सगळं ठीक. शेण किती देतो?" मालकाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "सर, बैल घ्यायचाय का गोबरगॅस?" दाजींनी प्रामाणिकपणे सांगितलं, "बैल नको. फक्त वजन करायचंय," आणि पिशवीतून तराजू काढला. तराजू माझ्या दुकानातला होता. परत आला तेव्हा मी त्याला ओळख दाखवली नाही. माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला गेलो तेव्हा आक्का ओटीचं ताट घेऊन रांगेत, आणि दाजी खाली जीपवाल्यांच्या घोळक्यात, चढाला डिझेल किती आणि उताराला किती ते विचारत. पुजाऱ्याने प्रसाद दिला तेव्हाही त्यांनी नंदादीपाच्या तेलाची चौकशी केली. आक्कांनी देवीपुढे डोळे मिटून जे मागितलं, ते काय असेल याचा मला अंदाज आहे.

एकदा मात्र मॉडेलानेच त्यांना धक्का दिला. शेतीपंपांचा हिशेब काही केल्या जुळेना. पिकाला पाणी लागतं इतकं, मोटार चालायला हवी इतकी, आणि प्रत्यक्षात वीज ओढली जाते भलतीच. दाजी चाकूरकडच्या त्यांच्या गावी गेले आणि चुलतभावाला बांधावर गाठलं. मीही गाडी चालवायला सोबत होतो. "मोटार रोज किती तास चालवतोस?" चुलतभाऊ म्हणाला, "लाईट आली की चालती, गेली की बंद पडती." "अरे, पण तू कधी चालू करतोस?" "मी कशाला करू? आटो लावलाय की. मी उदगीरला लग्नात असलो तरी मोटार चालू होती." "पण पिकाला पाणी किती लागतं?" "लाईट असंल तितकं." दाजी बांधावर मटकन बसले. आख्ख्या शिवारात प्रत्येक मोटारीला असा आटो, त्यामुळे वीज आली की सगळ्या मोटारी एकदम धावत सुटायच्या, गरज असो वा नसो. परतताना वाटलं, आता हे खचणार. पण ते लातूर येईपर्यंत हसत होते. "बघा, कुठल्याही परदेशी पुस्तकात हा आटो नाही," असं म्हणत त्यांनी माझ्या मांडीवर अशी थाप मारली की गाडी डिव्हायडरवर गेली असती.

घरात तर राज्यच मॉडेलाचं. गच्चीवर सोलर, स्वयंपाकघरात इंडक्शन, आणि चहा उन्हावर. म्हणजे चूल उन्हाची नव्हे. आभाळ स्वच्छ असेल तरच चहा ठेवायचा, कारण तेव्हाची वीज बिनधुराची. पावसाळ्यात त्यांच्याकडे गेलेल्या पाहुण्याला दाजी खिडकीतून ढग दाखवतात आणि "थोडं थांबूया" म्हणतात. आमचे एक व्याही असेच थांबले, थांबले आणि पाणी पिऊन गेले. आक्का शेजारणीकडे जाऊन चहा पितात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मॉडेलात त्या शेजारणीचा चहाचा वापर जास्त दिसतो, त्याचं कारण दाजी अजून शोधत आहेत.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण यंदा धोंड्याचा महिना आला. दर तीन वर्षांनी येणारा हा अधिक महिना म्हणजे आमच्याकडे जावयाचा महिना. लेक-जावयाला बोलवायचं, पाट-रांगोळी करायची, जावयाला ओवाळायचं, अनारशांचं वाण द्यायचं आणि पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून त्याला पोटभर खाऊ घालायचे. त्या दिवशी जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याने हसत जेवून उठावं, एवढीच सगळ्या घराची धडपड असते. वैशालीचे यजमान चार-पाच तासांच्या अंतरावरच्या एका औष्णिक वीजकेंद्रात कामाला आहेत. कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर, म्हणजे बेल्टवर, त्यांची ड्युटी. वीज तयार करणाऱ्या एकेका संचाला तिथे सेट म्हणतात. अबोल, सरळ माणूस. त्यांच्या हाताखालून गेलेल्या कोळशावर आमच्या दोन्ही जिल्ह्यांतले किती दिवे लागतात, हे दाजींच्या मॉडेलात होतंच.

मी आणि माझी बायकोही नांदेडला गेलो होतो. उन्हाचा नुसता जाळ. जावईबापू नवा शर्ट घालून पाटावर बसले, ओवाळून झालं, आक्कांनी पहिला धोंडा वाढला, वर तुपाची धार. जावईबापूंनी पहिला घास घेतला आणि रीत म्हणून, चार शब्द बोलायचे म्हणून विचारलं, "मग मामा, मॉडेल काय म्हंतंय?"

आमच्या आख्ख्या खानदानात हा प्रश्न आजवर कुणी आपण होऊन विचारला नव्हता. दाजींचा चेहरा असा उजळला की काय सांगू! ते धावत आत गेले, लॅपटॉप आणला आणि ताटाशेजारी, रांगोळीवरच ठेवला. पडद्यावर रंगांचे पट्टे. "हा पिवळा म्हणजे सूर्य, हा निळा वारा, आणि हा काळा, हा कोळसा. आता वर्षं पुढे सरकवतो. बघा, काळा कसा बारीक होत चाललाय... आणि इथं हा एक आख्खा तुकडा गळून पडतो!" जावईबापूंचा हात ताटातच थांबला. "कधी?" "पुढच्या धोंड्याच्या आत," दाजी आनंदाने म्हणाले. "कोणता सेट?" "सगळ्यात जुना. तुमचाच!"

आक्कांच्या हातातलं तूप धोंड्यावर न पडता जावईबापूंच्या नव्या शर्टावर पडलं. माझी बायको "अगं बाई" म्हणत फडकं आणायला धावली. मी तर घशात अडकलेला घास गिळावा की बाहेर काढावा, याच विचारात. वैशाली दारात उभी होती, तिने चौकट धरली. दोन मुलं, कॉलनीतलं क्वार्टर, सगळा संसार त्या एका सेटवर उभा. आणि तिच्या बापाने तो भर ताटावर, हसत हसत बंद करून टाकला होता.

जावईबापूंचा आवाज चढला नाही. ते म्हणाले, "मामा, तुमच्या या मॉडेलात मी कुठं हाय?"

दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. दाजींना तो खराखुरा प्रश्न वाटला. ते शोधायला लागले! आम्ही सगळे बघतोय आणि हे एकेक पान उघडतायत. देवणीचे बैल सापडले. माहूरच्या जीपा सापडल्या. पिठाच्या गिरण्या, लग्नातले जनरेटर, नंदादीपाचं तेलसुद्धा सापडलं. बराच वेळ शोधून त्यांनी चष्मा काढला आणि खरं तेच सांगितलं, "न्हाईत तुम्ही."

जावईबापूंनी अर्धा धोंडा तसाच ठेवला, ताटाला नमस्कार केला आणि उठले. तिसऱ्या प्रहरच्या एसटीने लेक-जावई गेलेसुद्धा. धोंड्याच्या महिन्यात जावई भरल्या ताटावरून उठला! असं काही मी तरी कधी ऐकलेलं नव्हतं. आक्का ओट्याला टेकून एवढंच म्हणाल्या, "बैलाचं शेण धरलं ध्यानात, अन् जावई इसरला."

संध्याकाळी मी दाजींना शहाणपण शिकवायला गेलो. म्हटलं, "कॉम्प्युटर तुमचा, आकडे तुमचे. तो सेट दहा वर्षं पुढे ढकला, जावयाला फोन करून सांगा की चूक झाली होती. कोण तपासायला येतंय?" इतक्या वर्षांत दाजी माझ्यावर पहिल्यांदा संतापले. "मी लिहिलं म्हणून तो बंद पडणार नाही, आणि मी खोडलं म्हणून चालू राहणार नाही! सेट म्हातारा झालाय. आज कळलं तर त्या पोराला हातपाय हलवायला वेळ मिळेल. त्या दिवशीच कळलं तर नुसतं रडायला मिळेल." मग एकदम बसले. जमिनीकडे बघत म्हणाले, "पण तो मॉडेलात न्हाई, हे खरं हाय. तिथं काम करणारं एकबी माणूस न्हाई. मेगावॉट हाय, माणूस न्हाई. मला कसं दिसलं न्हाई?" दाजी घरची बोली विसरल्यासारखं पुस्तकी मराठी बोलतात. ती अशी अचानक परत आली की समजावं, आत काहीतरी हललंय.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच एसटीत बसले. मांडीवर लॅपटॉप, आणि आक्कांनी हातात दिलेला धोंड्यांचा डबा. ते गेले ते परत येईचनात. फोन केला की म्हणायचे, "काम चालू आहे." अधिक महिना संपत आला. अमावास्या झाली की पुढचा धोंडा थेट तीन वर्षांनी. आक्कांचा मला फोन, "तुमच्या दाजींना घेऊन या, आन् माझ्या जावयाला दोन घास खाऊ घालून या. ताजे करून देते." मी नांदेडला गेलो, दुसरा डबा घेतला आणि अमावास्येच्या दिवशी दुपारी कॉलनीत पोचलो. कडुनिंबाच्या पानांवर राखेचा थर. वैशाली म्हणाली, "बाबा इथं फक्त झोपायला येतात, काका. दिवसभर गेटसमोरच्या टपरीवर असतात."

टपरीवर जे दिसलं ते बघून मी रस्त्यातच उभा राहिलो. शिफ्ट सुटलेली पंधरा-वीस माणसं बाकड्यांवर, आणि मधे दाजी. दाजी सांगत नव्हते, विचारत होते! "तुमचं वय काय? घरी कोण कोण? बेल्ट सोडून काय येतं? वेल्डिंग? बरं. गावी जमीन आहे? जाल का गावी? का नाही?" जो येईल तो त्यांना मामा म्हणत होता. एकजण चहा ठेवता ठेवता ओरडला, "मामा, काल मला घातलं ना त्यात? का गाळलं?" "घातलंय. तुमच्या दोन पोरींसकट." आणि दाजींच्या हातात वाफाळता चहा, आभाळ भरून आलेलं असताना!

मी एका वयस्क कामगाराला बाजूला घेतलं. म्हटलं, "हा माणूस तुमची नोकरी जाणार म्हणून सांगतोय, आणि तुम्ही याला चहा पाजताय?" तो म्हणाला, "सायब, आम्हाला काय कळत न्हाई का? दर सालाला एक-एक गोष्ट बंद होऊन राहिली. पण तोंडावर येऊन कुनीच सांगत न्हाई. हे पयलेच." दाजींनी त्याला सगळं सांगितलं होतं. सेट गेला तरी तारा, यार्ड, पाण्याची टाकी इथंच राहतील. विजेचा साठा करणाऱ्या मोठ्या बॅटऱ्या इथे बसवता येतील. त्यात काहींना काम मिळेल, सगळ्यांना नाही. बाकीच्यांसाठी आत्तापासून मागणी करा, हा माझा कागद, हा पाहिजे त्याला दाखवा. काळा पट्टा मात्र होता तिथेच संपत होता. दाजींनी तो तसूभर हलवला नव्हता.

जावईबापू कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसले होते. पहिला डबा त्यांनी शिवला नव्हता, तो इथल्याच लोकांनी खाल्ला, असं कळलं. मी दुसरा पुढे केला. दाजी उठले. खिशातला रुमाल बाकड्यावर अंथरला, त्यावर डब्याचं झाकण ठेवलं, झाकणात दोन धोंडे ठेवले आणि तुपाची वाटी स्वतः ओतली. निम्मं तूप बाकड्यावर सांडलं. सासऱ्याने जावयाला वाढायची रीत आमच्याकडे नाही, त्यामुळे त्यांना ते जमणार तरी कसं! सगळी टपरी बघत होती.

जावईबापूंनी धोंड्याकडे पाहिलं. म्हणाले, "मामा, तुमच्या मॉडेलात आता मी हाय ना?" "हाय." "मग सांगा. पुढच्या धोंड्याला मी कुठं असंन?"

चहावाल्याने किटली खाली ठेवली. दाजींचा हात सवयीने लॅपटॉपकडे गेला. झाकण अर्धं उघडलं, आणि त्यांनी ते परत मिटवलं.

"ते न्हाई सांगता येत," ते म्हणाले. "लई करून पाह्यलं, न्हाई येत. इथं असाल, पुण्याला असाल, का घरी बसून असाल, मला न्हाई ठावं. पण तुमचं ताट नांदेडात मांडलेलं असंल. ते मी आकड्याबिगर सांगतो."

दाजींकडून मी आयुष्यात पुष्कळ धक्के खाल्ले. पण हा मला पेलला नाही. मी सरळ टपरीच्या मागे जाऊन तोंडावर पाणी मारलं. परत आलो तेव्हा जावईबापू खाली मान घालून जेवत होते. दुसरा धोंडा संपला तेव्हा त्यांनी झाकण पुढे केलं आणि म्हणाले, "अजून एक वाढा."

परतीच्या एसटीत दाजी खिडकीशी बसले. बाहेर विजेचे मनोरे मागे पडत होते आणि ते त्यांच्याकडे टक लावून बघत होते. मी विचारलं, "कसं वाटतंय, दाजी?" टक्के ऐकायची तयारी ठेवूनच विचारलं होतं. त्यांनी आणखी एक मनोरा मागे जाऊ दिला. मग म्हणाले, "बरं वाटतंय. भीतीबी वाटती."

मागच्या महिन्यात दुकानात एक मोठं पितळी ताट आलं, काठाला वेलबुट्टी, जावयाला शोभेल असं. मी ते वरच्या फळीवर ठेवून दिलंय. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्याची किंमत विचारतं. पुढच्या धोंड्याला त्या सेटचं काय झालेलं असेल, जावईबापू कुठे असतील, आणि दाजींच्या वयाकडे बघता ते तरी... मी पुढचा विचार करत नाही. ताट विकलं गेलंय, असं सांगतो आणि गिऱ्हाइकाला दुसरं दाखवतो.